पायरीवर थांबलेल्या म्हातारीची व्यवस्था

लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. तापलेलं आहे, पण ठिकाणावर आहे. मी, खाली सही करणारा, छत्र्या दुरुस्त करणाऱ्याचा धाकटा मुलगा, वय तिशीच्या आत, शिक्षण आठवी अर्धी, धंदा बाहुल्यांचे सिनेमे दिग्दर्शित करणं, सध्या मुक्काम घरापासून लांब, कामाच्या ठिकाणी. मला कुठलाही आजार नाही. कुणी धाक दाखवून, काही पाजून किंवा गोड बोलून हे माझ्याकडून लिहून घेत नाहीये. उलट जो तो म्हणतोय, लिहू नकोस, हसं होईल. होऊ दे.

या वयात मृत्युपत्र कशाला, असं वाचणारा विचारेल, म्हणून कारण आधी सांगतो. मागच्या आठवड्यात मोठ्या भावाचा, म्हणजे दादाचा, फोन आला.

"वरची खोली रिकामी करतोय. रेनकोटचा माल यायचाय."

"ती माझी खोली आहे, दादा."

"कुठे लिहिलंय?"

"बाबांनी लिहिलंय."

"बाबांनी काय लिहिलंय ते नीट वाच. धाकट्याचं काम तिथे चालू आहे तोवर खोली त्याची. काम बंद पडलं की खोली घराची. आता तूच सांग. दोन वर्षं झाली, तुझी ती म्हातारी एक पायरी चढलेली नाही."

आणि फोन ठेवला. मी इथे हातात बाहुलीचा गुडघा घेऊन उभा.

तर आमच्या घरात गेलेल्या माणसाच्या कागदाला मान आहे, जिवंत धाकट्याच्या तोंडाला नाही. ठीक आहे. मग माझाही एक कागद असू दे. इथे ऑफिसात करारपत्रं बघणाऱ्या बाई आहेत, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो, मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर लागू होतं. आत्ता त्याचा काय उपयोग?" मी म्हटलं, "आत्ता वाचून तरी दाखवता येतं ना?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि कोरे कागद दिले. जेवणाच्या सुट्टीत आणि सेटचा रंग सुकेपर्यंत जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात लिहितो आहे. त्यामुळे अक्षर आणि राग दोन्ही कमीजास्त होईल.

कलम पहिलं. काम चालू आहे.

हे आधी ठरलं पाहिजे, बाकी सगळं यावर उभं आहे. वरच्या खोलीत टेबलावर एक जिना आहे, पुठ्ठ्याचा आणि लाकडाचा, मी केलेला. त्याच्यावर वीतभर उंचीची एक म्हातारी आहे. तिच्या हातात पत्र्याची पेटी आहे आणि एक पाय हवेत आहे, तारेवर तोललेला. समोर स्टँडवर कॅमेरा आहे, त्याचे पाय जमिनीला ठोकलेले आहेत. भोवती चिकटपट्टी मारून मी लिहून ठेवलंय की आत येऊ नये. खिडकीला काळा कागद आहे.

या धंद्यात बाहुलीला केसभर हलवायचं, बाजूला व्हायचं, कळ दाबायची. परत केसभर. दिवसभर असं केलं की पडद्यावर बाहुली एकदा मान वळवून बघते. ज्याला यात काम दिसत नाही त्याने एक दिवस माझी पाठ घेऊन उभं राहावं.

आता दोन फोटोंच्या मध्ये किती वेळ गेला हे पडद्यावर दिसत नाही. मध्ये मी चहा प्यायला गेलो, आजारी पडलो, दुसऱ्या गावाला नोकरीला गेलो, काही कळत नाही. म्हातारीच्या लेखी मी आत्ताच पाठ वळवली आहे. परत येऊन कळ दाबली की तिचा पाय खाली येणार आणि बघणाऱ्याला वाटणार, सरळ चढली. म्हणून मी म्हणतो की काम थांबलेलं नाही, पाय उचललेला आहे. थांबलेल्या माणसाचे दोन्ही पाय जमिनीवर असतात.

हे मी दादाला फोनवर सांगितलं असतं, पण त्याने ठेवला.

कलम दुसरं. हा धंदा मी कुठून आणला ते.

हे कलम यासाठी की मी गेल्यावर मोठे साहेब, म्हणजे या स्टुडिओचे मालक, माझ्याबद्दल काहीतरी सांगतील आणि ते चुकीचं असेल.

बाबांचं दुकान घराच्या खालच्या अंगाला होतं. मोडक्या छत्र्या लोक टाकून जायचे ते न्यायला परत यायचेच असं नाही. त्या छत्र्यांच्या काड्या माझ्या. एका काडीला दुसरी जोडली की कोपर होतं हे मला शाळेत कळलं नाही, दुकानात कळलं. चित्रकलेच्या मास्तरांनी माझी पहिली बाहुली सगळ्या वर्गासमोर उंच धरली आणि म्हणाले, "हे बघा, यांना मुलगा झालाय." वर्ग हसला. मी बाहुली घेऊन घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी गेलोच नाही. बाबांनी दोन दिवस वाट बघितली, मग म्हणाले, "बसतोयस तर नीट बस, काड्या गंजतात त्यांना तेल लाव." एवढाच माझा शाळा सोडल्याचा दाखला.

मला एका जागी बसवत नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे. आई म्हणते याच्या पायाला भिंगरी आहे. आहे. पायाला आहे, हाताला नाही. पाय ओढ घेतात म्हणून तर हात इतका वेळ एका कोपराशी रमतो.

मग लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्याकडे लागलो. त्याला आम्ही फोकसशेठ म्हणायचो, कारण फोकस सोडून सगळं त्याला जमायचं. त्याच्याकडे एका बिस्किटवाल्याची जाहिरात आली. पाकिटातून बिस्किटं उठून नाचतात अशी. ती मी केली, मागच्या खोलीत, पंखा बंद करून, कारण पंख्याने बिस्किटं पडायची. शेठने ती जाहिरात ज्याला त्याला दाखवली आणि सांगितलं, "मशीन आणलंय." मी मशीन. शेठ, तुमच्यासाठी मी काही ठेवत नाही. तुम्ही मला कॅमेरा धरायला शिकवलात त्याबद्दल आभार, आणि ते आभार या कलमात संपले.

कलम तिसरं. मोठे साहेब.

स्टुडिओ म्हणजे जुनं गोदाम आहे. काळे पडदे टाकून त्याच्या खोल्या केल्यात, प्रत्येक खोलीत एक सेट. आत बोलायचं तर हळू, चालायचं तर टाच न आपटता. सगळे काळे कपडे घालतो, कारण रंगीत शर्ट घातला तर त्याचा उजेड बाहुलीच्या गालावर पडतो. आईला मी इथून फोटो पाठवले तर तिचा पहिला प्रश्न, "कसला निषेध रे?"

इथे मी आधी बाहुल्या हलवायला आलो. तीन महिन्यांत परत जाईन असं सांगून निघालो होतो, हे मला मान्य आहे. पण आधीचे दिग्दर्शक मालिका अर्धवट टाकून गेले आणि साहेबांनी ती माझ्या गळ्यात घातली. मालिका चालली. लहान मुलं बघतात, मोठे चोरून बघतात. पुढची आली, तीही माझ्याकडे. अशी दोन वर्षं गेली. घर सोडून पळाला, असं मावशी सांगत फिरते ते खोटं आहे.

साहेब पाहुण्यांना घेऊन येतात आणि मला दाखवतात. "हा आमचा मुलगा, शाळेत गेलेला नाही, पण हात बघा." पाहुणे हात बघतात. खरोखर बघतात, मी टेबलावर ठेवलेला असतो तो. एकदा मी म्हटलं, "साहेब, शाळा पुरी केली असती तरी हात हाच असता." ते हसले आणि पाहुण्यांना म्हणाले, "स्वभाव पण असा सरळ." शाळा नाही म्हणून हात चांगला, असं यांचं गणित. हात चांगला झाला तो बाहुल्या पाडून. त्या कुणी दाखवत नाही.

आणि साहेबांचा कॉम्प्युटरवाला माझ्या बाहुल्यांची चाल गुळगुळीत करतो. मी एक म्हातारा चालवला, त्याचा पाय किंचित अडखळत होता, मुद्दाम. परत आला तर तो बर्फावरून घसरल्यासारखा चालतोय. मी विचारलं, अडखळणं कुठे गेलं? म्हणाला, "चूक होती ना, काढली." मी त्याच्याशी बोलणं सोडलं आहे. मेल्यावरही बोलणार नाही.

म्हणून लिहून ठेवतो, मी केलेल्या कुठल्याही बाहुलीची चाल माझ्यामागे कुणी सुधारू नये. यात वरच्या खोलीतली म्हातारी पहिली. ही एकच माझी स्वतःची आहे, करारात नसलेली.

कलम चौथं. किरकोळ वस्तू.

चिमटे, बारीक स्क्रू, पकडी आणि बाहुल्यांचे सांधे घट्ट करायच्या किल्ल्या इथल्या सुताराला. तोच माझा साक्षीदारही आहे, म्हणून बाईंनी हरकत घेतली की साक्षीदाराला काही देता येत नाही. सुतार म्हणाला, "मग नका देऊ. मी तसाही आत्ताच वापरतो." तर ती हत्यारं त्याला दिलेली नाहीत, त्याच्याकडे आहेत.

तोंडांची पेटी मावशीला. आमच्या बाहुल्यांना बोलायला वेगवेगळी तोंडं लागतात, आ करायचं वेगळं, ऊ करायचं वेगळं. ती काढायची, लावायची. अशी पेटीभर तोंडं आहेत. मावशीला बोलायला एक पुरत नाही. "अजून बाहुल्यांशीच खेळतो का?" हे ती मला मुलगी बघायला गेलेल्या घरात, मुलीच्या वडिलांसमोर म्हणाली होती. त्या वडिलांनी चहा संपवला आणि घड्याळ बघितलं.

काळे शर्ट ज्याला बसतील त्याला. सेटवर लागतीलच.

कलम पाचवं. वरची खोली.

वरची खोली माझ्यामागे ताईला, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीला. ती शेजारच्या गल्लीत राहते. तिने खोलीला कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवावी. दादाने, वहिनीने आणि रेनकोटांनी उंबऱ्याच्या आत येऊ नये. म्हातारीला कुणी हात लावू नये, झाडू, फडका, कौतुक काहीही लावू नये. तिचा पाय जिथे आहे तिथे राहील. माझ्यामागे कुणी चांगला बाहुलीवाला मिळाला तर तो पुढचा फोटो काढेल. नाही मिळाला तर पाय तसाच. जगात कुणाचं तरी काम गुळगुळीत न होता अर्धं राहू दे.

हे कलम आता रद्द आहे. खाडाखोड केली नाही, कारण बाईंनी सांगितलं की खाडाखोड केली की संशय येतो. जसं लिहिलं होतं तसं ठेवतो, आणि रद्द का झालं ते पुढे लिहितो.

कलम सहावं. जे झालं ते.

पाचवं कलम लिहून झालं त्या दिवशी दुपारी ताईने फोनवर काहीतरी पाठवलं. खाली लिहिलं होतं, "रागावू नको. आईने केलंय." मी उघडलं. माझा जिना. माझी म्हातारी. आणि ती चढतेय.

मी सेटवरून बाहेर आलो आणि आईला फोन लावला.

"आई, तू तिला हात लावलास?"

"लावला. हात न लावता कशी चढेल?"

"अगं, मी दोन वर्षं तो पाय तसाच ठेवला होता."

"तेच तर म्हणाला ना दादा. तशीच आहे, काम बंद आहे, खोली द्या. मी म्हटलं, चढत नाही म्हणतोस? थांब, चढवून दाखवते."

"पण तुला येतं का ते?"

"तू करताना बघत नव्हते का मी? दाराशी उभी राहून किती वेळ. थोडं हलवायचं, लांब व्हायचं, कळ दाबायची. तुझ्या त्या चिकटपट्टीच्या आत चपला घालून गेले नाही. बॅटरी मेली होती, ती ताईने आणून दिली."

"खिडकीचा काळा कागद?"

"तो काढला. किती कोंदट होतं. तिलाही वारा नको का?"

मी कपाळ भिंतीला टेकवलं. जे या धंद्यात नाहीत त्यांच्यासाठी सांगतो काय झालं होतं ते. पाय हवेत ज्या जागी होता ती जागा आता जगात कुठेही नाही. पुन्हा तसाच्या तसा उचलता येत नाही, मलाही नाही. खिडकी उघडी, म्हणून जिन्यावर कधी सकाळ, कधी दुपार, कधी ढग. आईच्या बाहीचं टोक मध्येच येतं आणि जातं. एकदा तिचं अख्खं बोट. एका जागी म्हातारी आडवी पडते आणि पुढच्या फोटोत उभी असते, जसं काही झालंच नाही.

"पडली होती का ती?" मी विचारलं.

"पडली. मग उचलली. तूही उचलतोसच की."

"आणि मध्येच बसली कशाला? मी तिला बसवणार नव्हतो."

"दम लागला तिला. हातात एवढी पेटी आहे. तू चढवत होतास तशी कोण चढेल रे? शेळी चढेल."

मी फोन कानावरून काढून ते बसणं परत लावलं. आईला वाटलं फोन कटला. "आहेस ना?"

"आहे."

"आता वर पोचली. वर दार आहे. ते उघडतं का नुसतं रंगवलंय?"

"उघडतं."

"मग आत काय आहे?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी त्या सिनेमाची गोष्ट पुष्कळ लोकांना सांगितली आहे. एक म्हातारी पेटी घेऊन वरच्या मजल्यावर जाते. साहेबांना सांगितली, ते म्हणाले छान, गोड. फोकसशेठला सांगितली होती, तो म्हणाला लांबी कमी कर. आत काय आहे, कुणी नाही.

"आत अजून काही नाही," मी म्हटलं. "मी केलेलं नाही."

"मग तिला एवढं वर कशाला नेतोयस?"

मी रागात होतो, म्हणून मी तिला म्हटलं की आता हात लावू नकोस, शॉट गेला, जे व्हायचं ते झालं. ती म्हणाली, "गेला म्हणजे? इथेच आहे सगळं." आणि तिकडून दादाचा आवाज आला आणि फोन त्याच्या हातात गेला.

"हे बघ," दादा म्हणाला, "खोलीचं मरू दे."

"म्हणजे?"

"म्हणजे ठेव तुझी खोली. रेनकोट मी जिन्याखाली लावले. पण तू हिला सांग जेवायला खाली ये म्हणून. माझं ऐकत नाही. मी बोलवायला वर गेलो तर म्हणते टेबलाला टेकू नकोस. मी टेकलो नव्हतो. मग म्हणते श्वास तिकडे तोंड करून सोड, म्हातारीचा पदर हलतो."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? तिकडे तोंड केलं." मग म्हणाला, "काम चालू आहे, बाबा. मी बघितलंय. आता माझ्या डोक्याला ताप देऊ नको."

जेवणाच्या सुट्टीत ते मी परत बघितलं. सुतार खांद्यावरून बघत होता, कॅन्टीनची बाई हात पुसत आली. म्हातारी पायरीवर बसते तेव्हा ती पेटी आधी खाली ठेवत नाही, मांडीवर घेते. मग गुडघ्यावर हात देऊन उठते, एकदा उठता येत नाही, परत बसते. कॅन्टीनची बाई म्हणाली, "हो, असंच." तिचा स्वतःचा गुडघा दुखतो. मी चुका मोजायला बसलो होतो आणि मोजणं राहून गेलं. कॉम्प्युटरवाला पलीकडे उभा होता. त्याने तोंड उघडलं, सुताराने त्याच्याकडे बघितलं, त्याने मिटलं.

याचा अर्थ मी आईला माफ केलं असा कुणी काढू नये. दोन वर्षं जपलेला शॉट तिने एका आठवड्यात संपवला. न विचारता. माझी चिकटपट्टी असताना. साहेबांनी केलं असतं तर मी नोकरी सोडली असती. आईची नोकरी सोडता येत नाही, हा यातला मोठा अन्याय आहे, आणि तो मी इथे नोंदवून ठेवतो.

कलम सातवं. नवी व्यवस्था.

वरची खोली, तिच्यातलं टेबल, जिना, कॅमेरा, म्हातारी आणि तिची पेटी, हे सगळं माझ्यामागे आईला. माझ्या हयातीतही तिलाच, कारण तसं झालेलंच आहे, मी फक्त कागदावर घेतो. तिने दाराच्या आत जे काही करायचं ते करावं. मला विचारायचं असेल तर विचारावं, पण ती विचारणार नाही. खिडकी उघडी ठेवायला माझी हरकत आहे आणि ती हरकत तिने ऐकू नये.

दादाला जिन्याखालची जागा रेनकोटसाठी, कायमची. त्याने श्वास तिकडे तोंड करून सोडला, तो माझ्या लक्षात राहील. वहिनीने आईला रोज एकदा खाली बोलवावं, आणि आली नाही तर ताट वर न्यावं, पण टेबलावर ठेवू नये.

ताईने आईने काढलेले फोटो पाठवत राहावं. एकामागून एक लावताना ती जिथे पडते तो भाग काढू नये.

मी गेल्यावर साहेबांनी किंवा कुणीही हा शॉट दुरुस्त करण्यासाठी मागितला तर देऊ नये. कितीही नीट कपडे घालून आले तरी.

कलम आठवं. जे मी लिहिलेलं नाही.

हे सगळं करारवाल्या बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, दोन शब्द बदलून दिले, मग पेन खाली ठेवला.

"एक राहिलं," त्या म्हणाल्या. "वारस म्हणून आईचं नाव लिहिलंत. तुम्ही तिशीच्या आतले, आई साठीच्या पुढच्या. आई तुमच्या आधी गेल्या तर ही खोली कुणाकडे, तेही लिहावं लागतं. सगळे लिहितात. एक ओळ असते."

मी म्हटलं, "नाही लिहिणार."

"अहो, कायद्याला लागतं."

"मला नाही लागत."

"मग कागद अर्धा राहील."

"राहू दे."

त्यांनी पुन्हा समजावलं, चांगल्या आवाजात. पुढे भांडणं होतील, दादा परत माल आणेल, तुमच्याच म्हातारीसाठी सांगतेय. मी सगळं ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, हे मला कळतं. मी आठवी अर्धी शिकलो आहे, मठ्ठ नाही. त्या ओळीसाठी मी पेन हातात घेतला, एवढं खरं आहे. आई माझ्या आधी, इथपर्यंत अक्षरं डोक्यात तयार होती. हात पुढे गेला नाही. त्याला केसभर हलायची सवय आहे आणि तो केसभरही हलला नाही.

म्हणून ती ओळ कोरी आहे. छपाईची चूक समजू नये. कुणी मागाहून तिथे नाव भरलं तर ते माझं नाही. आईने जिन्यावरचं दार उघडलेलं नाही अजून, आत काय ठेवायचं ते तिचं ठरायचंय, परवा फोनवर म्हणाली की घाई करू नको. तर मी घाई करत नाही. कायद्याने थांबावं.

हे मी लिहिलं, वाचलं आणि मला समजलं. याच्या आधीचा माझा कुठलाही कागद नाही, नंतरचा निघाला तर रागाचा भर आहे असं समजून हाच धरावा.

ठिकाण: काम चालू असलेलं गोदाम, तिसऱ्या पडद्यामागची खोली.
तारीख: सेटचा रंग सुकला तो दिवस. बाईंनी वर शिक्का मारला आहे, त्यात आकडा आहे.

सही: धाकटा

साक्षीदार पहिला: स्टुडिओचा सुतार. माझ्यासमोर सही केली. तेव्हा तो शुद्धीत होता, फक्त नाक ओढत होता.

साक्षीदार दुसरी: कॅन्टीनवाली. कोरी ओळ मी बघितली आहे. ती कोरीच होती, आणि मी त्याला "ती भर" असं म्हणाले नाही.